हिटिंग कोच कोणी व्हावं?

अमेरिकेत येऊन बेसबॉलचा नाद लागला आणि डोक्यात एक किडा शिरला. भारी बॅटर रिटायर झाला, की तो भारी हिटिंग कोच होतो का? साधं लॉजिक म्हणतं, होणारच की! ज्याने स्वतः केलंय तोच शिकवणार ना?

आता बॅरी बॉन्ड्स बघा. ७६२ होमरन्स, मेजर लीगचा विक्रम. (स्टेरॉइड्सचा वाद तूर्त बाजूला ठेवू.) मायामी मार्लिन्सने २०१६ मध्ये त्याला हिटिंग कोच केलं आणि एकाच सीझननंतर नारळ दिला. उलट चार्ली लाऊ. मेजर लीगमधली सरासरी ०.२५५, म्हणजे हजार वेळा बॅटिंग केली तर २५५ हिट्स. तशी बेताचीच. पण १९७० च्या दशकात कॅन्सस सिटी रॉयल्समध्ये जॉर्ज ब्रेटला घडवला तो यानेच. ब्रेटने १९८० मध्ये ०.३९० ची सरासरी गाठली, तेव्हा लाऊ दुसऱ्या टीमकडे गेलेला होता. तरी ब्रेट श्रेय त्यालाच देत आला.

असं का होत असेल? ताशी ९५ मैलांचा बॉल साधारण ०.४ सेकंदात बॅटरपाशी पोचतो. तेवढ्यात विचार कसला करणार? सगळं अंगवळणी पडलेलं असतं. "बॉलवर शेवटपर्यंत नजर ठेव" हा तर अगदी घासून गुळगुळीत झालेला सल्ला. पण बाहिल आणि लारिट्झ यांनी १९८४ मध्ये दाखवून दिलं, की शेवटच्या टप्प्यात डोळे बॉलच्या मागे जाऊच शकत नाहीत. म्हणजे आपण काय करतो हे करणाऱ्यालाच धड माहीत नसतं! आपल्या भाषेत, एक्झिक्युटेबल आहे, सोर्स कोड हरवलाय. लाऊसारख्याला मात्र टिकण्यासाठी ओळ न् ओळ डीबग करावी लागली असणार.

मग दिग्गज बादच का? नाही. रॉड कॅरूच्या नावावर ३०५३ हिट्स आहेत, आणि १९९० च्या दशकात तो एंजल्सचा हिटिंग कोच होता. जिम एडमंड्स, गॅरेट अँडरसन ही पोरं तेव्हाच वर आली. पण कॅरू मुळातच समोरचा पिचर बघून आपला स्टान्स बदलणारा माणूस. आपण काय करतोय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

आणि दुसरं टोक म्हणजे डॉजर्सचा रॉबर्ट व्हॅन स्कॉयॉक. प्रोफेशनल बेसबॉल कधी खेळलाच नाही. डॉजर्सने २०२४ ची वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्याच्या जोडीला होता आरन बेट्स, २००९ मध्ये रेड सॉक्सकडून मोजकेच सामने खेळलेला. एकाला स्विंग कळतो, दुसऱ्याला तर ड्रेसिंग रूमही ठाऊक. सलग वीस वेळा आउट झालेल्या बॅटरला काय वाटतं, ते कुठल्या ग्राफमध्ये दिसणार?

तुम्ही म्हणाल, याला काय पडलंय एवढं? पडलंय, कारण पुढच्या महिन्यात माझ्या हाताखाली दोन फ्रेशर्स येतायत. "तू कोड चांगला लिहितोस, तूच शिकव" असं मॅनेजर म्हणाला. हे क्वालिफिकेशन बॉन्ड्सकडेही होतं. म्हणून सध्या एक उद्योग चाललाय. एखादा बग पटकन सापडला, की तो कसा सापडला ते कागदावर लिहून काढायचं. "अनुभवाने कळतं" या उत्तराला बंदी.

दहापैकी चार वेळा कागद कोराच राहतो. म्हणजे माझी सरासरी ०.६००. बॅटर म्हणून थोर, पण कोच म्हणून अजून मायनर लीगच!