चिखल, वायू आणि खडक

मुकुटबनच्या आमच्या काकांना माझी नोकरी अजून पटलेली नाही. 'अबे, आपल्याकडं उन्हाळ्यात विहिरी आटते, अन् तू समुद्र शिकवतं?' मग मी त्यांना गावाजवळचा चुनखडक दाखवतो. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा थर समुद्राच्याच तळाशी साचला, तोही पृथ्वीवर कवचधारी प्राणी येण्याच्या आधी. इथला सिमेंटचा कारखाना त्याच्याच जिवावर. काका म्हणाले, 'म्हणजे तुया समुद्राचेच पोते भरून राह्यले ते!'

गोव्यात सागरी भूभौतिकी शिकवायला लागलो तेव्हा सुरुवात १९६३पासून करायचो. त्या वर्षी व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी सागरतळावरच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला आणि त्यासाठीची मोजमापं आपल्या हिंदी महासागरातल्या कार्ल्सबर्ग कटकावरचीही होती. पोरं खूश व्हायची. पण गोष्ट आवडली म्हणून नोंद वाचता येत नाही. आता पहिल्याच तासाला किनाऱ्याजवळची एक ध्वनिनोंद भिंतीवर लावतो.

जहाजावरून सोडलेला आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो आणि तळावरून, तळाखालच्या थरांवरून परततो. जाण्यायेण्याचा वेळ निम्मा करा, वेगाने गुणा, खोली मिळाली. गणित शाळेतलंच. नोंदीवर चिखलाचे थर एकाखाली एक छान दिसत असतात आणि मध्येच सगळं काळवंडतं. खालचं काही उमटतच नाही. 'सर, खडक लागला!' वर्ग एका सुरात सांगतो.

खडक नसतो. गोव्याच्या किनाऱ्याजवळच्या चिखलात सेंद्रिय द्रव्य कुजून मिथेन होतो. त्याचे बारीक बुडबुडे आवाज गिळतात, विखुरतात. हा वायूचा पडदा बाजूला एकदम तुटतो, थरांची पर्वा न करता त्यांना छेदून जातो. वायूमुळे ध्वनीचा वेग घटतो, म्हणून त्याच्या माथ्यावरून परतणारी लहर उलटी येते. खडकावरून ती तशी येत नाही. एवढं दिसलं तरी शंका उरतेच. नळी रोवून गाळाचा नमुना काढला तर वाद मिटेल, पण प्रत्येक डागासाठी जहाज कोण थांबवणार?

दुसरी फसवणूक कागदाची. मुंबईपुढचा खंडमंच सुमारे ३०० किलोमीटर रुंद. तो पानावर बसवायचा तर उभं माप ताणावं लागतं आणि चार-दोन अंशांचा उतारही कोकणकड्यासारखा दिसायला लागतो. मी मुलांना तोच छेद खऱ्या मापात काढायला लावतो. हाती जवळपास सरळ रेघ येते. चेहरे पडतात. मला ते बघायला आवडतं, हे कबूल.

बाहेरच्यांना या पेशात जहाज दिसतं, त्यातही १९८३ सालच्या 'सागर कन्या'चं नाव निघालं की डोळे चमकतात. प्रत्यक्षात जहाजावरचे दिवस थोडे आणि त्या दिवसांच्या नोंदी उकलण्यात गेलेली वर्षं जास्त.

गेल्या परीक्षेत तोच काळा डाग विचारला. एका मुलीने लिहिलं, 'वायू असावा. नमुना निघेपर्यंत नक्की म्हणणार नाही.' मी पूर्ण गुण दिले. सहकाऱ्याच्या मते हे अर्धंच उत्तर आहे. आमचं अजून जमलेलं नाही.