वळिवड्याला वसलेलं पोलंड

मुलांनो, आषाढीच्या आधी पंढरपूरजवळच्या करकंबला निवृत्तिनाथांची पालखी मुक्कामाला येते. तुमच्या-माझ्यासारख्यांना अभंग कुणी शिकवले? आजीनं, आईनं! पण समजा, एका रात्री बंदूकवाले शिपाई दारात आले आणि म्हणाले, "तासाभरात निघा!" तर काय काय बरोबर घ्याल?

अशी वेळ खरोखर आलेली मुलं आपल्या महाराष्ट्रात राहून गेली आहेत, बरं का! करकंबहून एस.टी.नं पंढरपूर, सांगोला, मिरज करत कोल्हापूर गाठा. तिथून वळिवडे अगदी जवळ.

१९३९ साली हिटलर आणि स्टॅलिन यांनी पोलंड वाटून घेतला. हिटलरनं लाखो ज्यूंना ठार मारलं. स्टॅलिननं लाखो पोलिश लोकांना मालगाड्यांत कोंबून सैबेरियाकडे धाडलं. थंडीनं, उपासमारीनं कितीतरी दगावले. शिक्षक, अधिकारी, विद्वान तर दोघांनीही वेचून मारले. का? तर पोलंडची ओळखच पुसली जावी म्हणून! वंशसंहारासाठी आज जगभर वापरला जाणारा शब्द १९४४ मध्ये राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू वकिलानंच घडवला.

सैबेरियातून सुटलेल्यांपैकी सुमारे ५,००० जण इराणमार्गे वळिवड्याला आले. बहुतेक बायका आणि मुलं. १९४३ ते १९४८ इथं त्यांची छावणी होती. राहायला साध्या बराकी. पण त्यांनी शाळा काढल्या, त्याही पोलिश भाषेतल्या! चर्च उभारलं, नाटकं बसवली, बालवीरांची पथकं काढली. गाव गेलं, घर गेलं. भाषा, गाणी आणि सण मात्र त्यांनी जाऊ दिले नाहीत.

युद्ध संपलं, तरी अनेकांना घरी जाता आलं नाही. त्यांची गावं आता सोव्हिएत संघात गेली होती. मग कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. रिकाम्या छावणीत फाळणीमुळे घर सुटलेले सिंधी लोक आले. तेच आजचं गांधीनगर!

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात या पोलिश मंडळींचा स्मृतिस्तंभ आहे. १९९८ साली तो उभारला, तेव्हा वळिवड्यात वाढलेली काही मुलं मुद्दाम आली होती. आता ती आजी-आजोबा झाली होती!

तिथं जाल तेव्हा तो जरूर पाहा. आणि हो, आज रात्री आजीकडून एक ओवी शिकून घ्या. ती न्यायला पिशवी लागत नाही!