आधी ब्रेक, मग दोरी
बंगळुरू, मे.

वळवाच्या सरी आल्या की या शहरात झाडं कोसळतात. काल आमच्या मल्लेश्वरमच्या गल्लीत एक गुलमोहर आडवा झाला. पालिकेच्या पथकातल्या गड्याने चेनसॉ जमिनीवर टेकवली, पुढचं गार्ड ढकलून ब्रेक लावला आणि मगच दोरी ओढली. ती शिस्त बघून बरं वाटलं.

पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत उसळून थेट कापणाऱ्याच्या तोंडावर येते. अशा वेळी गार्डला मनगटाचा धक्का बसतो किंवा ते झटक्यानेच पुढे सरकतं. आतली पोलादी पट्टी क्लच ड्रमला आवळते आणि साखळी क्षणार्धात थांबते. सावध माणसालासुद्धा इतक्या झटपट हात आवरता येत नाही.

पण पट्टीभोवती भुसा आणि तेल साचून घट्ट थर बसतो आणि ब्रेक जड होतो. म्हणून कव्हर काढून ब्रश फिरवावा, पट्टी झिजली का ते पाहावं. रोज कामाआधी दोन्ही हातांनी करवत पक्की धरून, पूर्ण वेगात मनगटाने गार्ड ढकलावं; साखळी जागच्या जागी थांबली पाहिजे. नाही थांबली, तर ती करवत त्या दिवशी वापरू नये.

पावसात रस्ता मोकळा करायची घाई सगळ्यांनाच असते. तरीही या तपासणीसाठी लागणारी पाच मिनिटं कंत्राटी कामगाराला मिळालीच पाहिजेत. ती देणं ही काम करवून घेणाऱ्याची जबाबदारी आहे.