शंभर टनांच्या आत

पावसाळ्यात शाळेचे मैदान तळ्यासारखे भरले म्हणजे शनिवारी मुलांना कशात गुंतवावे, हा शिक्षकांपुढचा सनातन प्रश्न आहे. गेल्या आषाढात आम्ही त्याला एक नवे उत्तर शोधून काढले. एका स्नेह्याने आम्हांला ‘ट्रॅव्हलर’ नावाच्या खेळाच्या पुस्तिका दिल्या होत्या. मार्क मिलर या अमेरिकन गृहस्थांनी रचलेला हा खेळ 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. दोन साधे फासे, कागद, पेन्सिल आणि कल्पनाशक्ती एवढे भांडवल त्याला पुरते. खेळणाऱ्यांनी दूरच्या भविष्यकाळातील प्रवासी व्हायचे, एका ताऱ्याकडून दुसऱ्या ताऱ्याकडे जायचे आणि वाटेत जे घडेल त्याला तोंड द्यायचे. काय घडते ते सांगण्यासाठी एक पंच असतो. वडीलकीच्या नात्याने ते पद आमच्याकडे आले.

या काल्पनिक विश्वात नियमांची शिस्त मात्र कडक आहे. ताऱ्यांमधील अंतर ओलांडण्यासाठी जहाज ‘उडी’ घेते. ती जवळची असो वा लांबची, तिला सुमारे एक आठवडा लागतो. जहाजाहून वेगाने बातमीसुद्धा जात नाही. परंतु उडी घेण्याचे यंत्र शंभर टनांहून लहान यानात बसतच नाही. हा टन वजनाचा नव्हे, आकारमानाचा: एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो तेवढा, म्हणजे सुमारे 14 घनमीटर. शंभरांच्या आतील सारी याने ‘लहान नावा’ ठरतात. 20 टनांची लाँच, 30 टनांची बोट, 40 टनांची पिनस, 50 टनांचा कटर, 95 टनांचे शटल, अशी ही वंशावळ आहे. यांतील लाँच, पिनस आणि कटर ही नावे जुन्या शिडाच्या जहाजांवरील होड्यांची आहेत. कोकणच्या कित्येक बंदरांत आगबोट दूर नांगरून उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणीत, हे आपल्या आजोबा-आजींनी अनुभवलेच आहे. तोच धर्म या लहान नावांचा. त्यांची धाव एका सूर्याच्या अंगणापुरती. परंतु ज्या मोठ्या जहाजाची घडण वातावरणात शिरण्याजोगी नसते, त्याला जमिनीचे दर्शन त्यांच्यावाचून घडत नाही.

भूमिका वाटताना अपेक्षेप्रमाणे भांडण झाले. कप्तानपदाचे पाच उमेदवार निघाले. नववीतील एक अबोल मुलगी तेवढी म्हणाली, “सर, मला लाँच चालली.” मुले हसली. आम्हीही थोडे हसलो, हे लपवून काय उपयोग?

तिसऱ्या शनिवारी कसोटीचा प्रसंग आला. जहाजात औषधांच्या पेट्या होत्या. काही पेट्या घेऊन लाँच एका ग्रहावर उतरली होती. इतक्यात चाच्यांचे जहाज दिसले. ग्रहाच्या व्यासाच्या शंभरपट दूर गेल्यावरच उडी सुरक्षित असते. आमचे जहाज तेथे पोहोचलेले होते. लाँच परत यायला मात्र कित्येक तास लागणार होते. कप्तानाने क्षणभर विचार करून सांगितले, “उडी घ्या. एक लहानशी नाव गेली तर काय बिघडलं?”

पंचाने उपदेश करायचा नसतो. आम्ही फासे टाकले आणि एक आठवडा उलटला असे जाहीर केले.

नव्या ग्रहावर साथ पसरली होती. औषधे जहाजात होती, रोगी खाली होते आणि मध्ये पातळशा हवेचा एक थर होता. अवकाशात फिरणारे बंदर त्या ग्रहाला नव्हते. जहाजाला त्या हवेत शिरता येत नव्हते. कप्तानाने नियमपुस्तिका दोनदा चाळली. मग वाचनालयात बराच वेळ केवळ पावसाचा आवाज येत राहिला. टाक्यांत आणखी एका उडीपुरते इंधन होते, एवढेच त्यांचे भाग्य. कोणीतरी हळूच म्हणाले, “परत जाऊ या.”

ती मुलगी एवढा वेळ खिडकीपाशी बसून लाँचमधील पाणी आणि शिधा किती दिवस पुरेल याचा हिशेब करीत होती. जहाज परतल्यावर तिने रुसवा धरला नाही. एवढेच म्हणाली, “इथल्या पेट्या उतरवून झाल्या. चला, पुढच्या कुठे न्यायच्या?”

घंटा होण्यापूर्वी आम्ही मुलांना एक खरी हकीकत सांगितली. 1970 च्या एप्रिलमध्ये अपोलो-13 चंद्राच्या वाटेवर असता त्याच्या मुख्य यानातील प्राणवायूची टाकी फुटली. तेव्हा तिघा अंतराळवीरांनी ‘ॲक्वेरियस’ या चांद्रयानाचा आसरा घेतला. दोघांना सुमारे दोन दिवस पुरावे अशी त्याची बांधणी. त्याने तिघांना सुमारे चार दिवस जगविले. पृथ्वीच्या वातावरणाचा दाह सोसणारे कवच मात्र त्याला नव्हते. दारापर्यंत पोहोचवून झाल्यावर त्याला सोडून द्यावे लागले. ज्याने घरी आणले, त्याला घरी येता आले नाही.

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. कारण मुलांना न सांगितलेली एक हकीकत उरली होती.

आमचे वडील पणजी ते बेती जाणाऱ्या फेरीबोटीवर खलाशी होते. दोर टाकायचा, पुढची लोखंडी फळी उतरवायची, माणसे पलीकडे पोहोचवायची आणि पुन्हा अलीकडे यायचे, यातच त्यांचा जन्म गेला. 1986 च्या जुलैमध्ये मांडवीवरील नेहरू पूल कोसळला, तेव्हा या फेरीबोटींनी दोन्ही तीरांचा संसार चालविला. वडील त्या वेळी नव्यानेच नोकरीला लागले होते. आम्ही सातवीत असताना ‘माझे वडील’ हा आमचा निबंध शाळेच्या वार्षिकांकात छापून आला. वर्गातील काहींचे वडील देशोदेशी जाणारे तारवटी होते. त्यांच्या बरोबरीला बसण्यासाठी आम्ही लिहिले होते, ‘माझे वडील मोठ्या जहाजावर आहेत.’

वडिलांनी तो अंक कंदिलाजवळ धरून सावकाश वाचला. घरात आम्ही कोंकणीच बोलतो. त्यांनी एवढेच विचारले, “ती बोट न्हय, पुता?” आम्ही उत्तर दिले नाही. त्यांनीही तो विषय पुन्हा कधी काढला नाही. उत्तर सुचले तेव्हा ते ऐकायला ते उरले नव्हते.

वार्षिकांकाच्या शेवटच्या पानावर शुद्धिपत्र देण्याची रीत आहे. अंक वेगळा आणि विलंब फार झालेला. तरी संपादकांच्या परवानगीने एक दुरुस्ती येथे नोंदवितो. ‘माझे वडील मोठ्या जहाजावर आहेत’ या वाक्याऐवजी ‘माझे वडील फेरीबोटीवर खलाशी आहेत’ असे वाचावे.