रुग्णवाहिका येईपर्यंतची दहा मिनिटे

सोसायटीत डॉक्टर राहतो म्हटल्यावर रात्री-अपरात्री बेल वाजणारच. इतक्या वर्षांच्या धावपळीत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. बराचसा उशीर रस्त्यात नाही, तर गेटपासून रुग्णाच्या पलंगापर्यंतच्या अंतरात होतो. गेटसमोर कुणाची तरी गाडी लावलेली असते. वॉचमनला विंग सांगता येत नाही. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. आणि आजोबा कोणत्या गोळ्या घेतात, हे घरात कुणालाच ठाऊक नसते.

हृदय अचानक बंद पडले, तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. एवढ्या वेळात आपल्या शहरांत रुग्णवाहिका पोहोचणे कठीण. पोहोचू शकतो तो शेजारी.

त्याने काय करावे? हाक मारून, खांदे हलवूनही रुग्ण प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा आचके दिल्यासारखा येत असेल, तर लगेच १०८ किंवा ११२ ला फोन लावून स्पीकर सुरू ठेवावा. रुग्णाला जमिनीवर उताणे झोपवावे. छातीच्या मध्यभागी तळहात ठेवून, त्यावर दुसरा हात ठेवून, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावे. प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दमल्यावर दुसऱ्याने सुरू करावे, पण थांबू नये. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. फिट आली असेल तर चमचा घालू नये, कांदा-चप्पलही हुंगवू नये.

तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात समजावा. रुग्ण शेवटचा कधी ठीक दिसला होता, ती वेळ लिहून ठेवावी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. "सकाळी बघू" म्हणण्यात ही संधी हातची जाते.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय काढला, तेव्हा एक काका म्हणाले, "डॉक्टर, असं अशुभ कशाला बोलायचं?" मी म्हटले, "काका, विमा काढताना आपण शुभ-अशुभ बघतो का?" सगळे हसले आणि कामाला लागले.

काम फार नव्हते:

• गेटजवळची रुग्णवाहिकेपुरती जागा कायम मोकळी.
• प्रत्येक लिफ्टशेजारी सोसायटीचा पूर्ण पत्ता, खूण आणि आपत्कालीन क्रमांक.
• वॉचमनच्या केबिनजवळ एक चाकांची खुर्ची.
• एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची जादा किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे.
• फ्रिजच्या दारावर आजार, औषधे, ॲलर्जी आणि मुलांचे फोन नंबर लिहिलेला कागद.
• छाती दाबण्याचे प्रशिक्षण वर्षातून एकदा. वॉचमन आणि घरकाम करणाऱ्या ताईंसह.

आमच्याकडे अनेक घरांत फक्त दोघेच आहेत, मुले परदेशी. त्यांच्यासाठी समोरचे दारच पहिला दवाखाना असतो. या रविवारी तुमच्या विंगमधल्या अशा एका घरी जा आणि फ्रिजवरचा तो कागद त्यांच्यासोबत बसून लिहा.