पुढच्या टोकाचा टॅग

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, सासर दौंडचं. दोन्हीकडे गाईंच्या चाऱ्यासाठी मका असतो. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि त्या मक्याच्या पोंग्यातही शिरली. मी प्रयोगशाळेत वाढवते त्या एसएफ-9 पेशी याच किडीच्या, कोषातल्या मादीच्या अंडाशयातून मिळालेल्या. "जिला मारायला आम्ही पाठीवर पंप घेतो, तिच्याच पेशी तू पाळतेस?" सासूबाईंचा प्रश्न रास्त होता. पण बॅक्युलोव्हायरसमार्फत माणसाचं जनुक आत सोडलं, की 27 अंशांवर या पेशी माणसाचं प्रथिन बनवून देतात. पुण्याच्या सीरमच्या कोव्होव्हॅक्स लशीतलं प्रथिनही अशाच पेशींत बनतं.

मला हवं होतं ई-कॅडहेरिन. त्वचेतल्या, आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं हे प्रथिन. कर्करोग पसरताना पुष्कळदा हीच पकड सुटते.

चूक मी आराखड्यातच केली. आधीच्या एका प्रथिनाला चाललेला साचा तसाच उचलला आणि प्रथिन शुद्ध करण्यासाठी लागणारा सहा हिस्टिडिनचा टॅग पुढच्या टोकाला जोडला. निकेलच्या निळ्या कॉलममधून प्रथिन सुरेख उतरलं, जेलवर एकच ठसठशीत पट्टी आली, म्हणजे प्रथिन अखंड होतं. मात्र त्याचा लेप दिलेले मणी कॅल्शियम घातल्यावर एकमेकांना चिकटायला हवे होते, ते सुटेच राहिले.

मी दोष दिला विषाणूच्या साठ्याला, म्हणजे तो वाढवणाऱ्या विद्यार्थ्याला. "तू पेशी उशिरा काढल्यास, प्रथिन खराब झालं," असं मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत सुनावलं. एकच पट्टी डोळ्यांसमोर असताना! बिचाऱ्याने नवा साठा केला, पुन्हा तेच. शेवटी कॅडहेरिनच्या रचनेवरचा एक शोधनिबंध घेऊन तोच आला. "मॅडम, टॅग पुढे आहे."

कॅडहेरिनच्या साखळीत दुसऱ्या क्रमांकावर ट्रिप्टोफॅन असतं. ते समोरच्या रेणूच्या खाचेत बसतं, समोरच्याचं याच्या खाचेत. फुगडीत हात गुंफावेत तसं. पुढे एखादं जादा अमिनो आम्ल राहिलं तरी ही पकड बिघडते. मी तर अख्खी शेपटी लावली होती. हे वाचायला मला एक संध्याकाळ पुरली असती. ती मी काढली नाही, कारण पहिला साचा चालला होता.

टॅग मागे नेला आणि मण्यांचे गठ्ठे झाले. ईडीटीएने कॅल्शियम काढून घेतलं की ते सुटत, पुन्हा घातलं की जुळत. पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी त्याची माफी मागितली. त्याच्या फेलोशिपची मुदत मात्र तोवर संपत आली होती, आणि ती वाढवून देणं माझ्या हातात नव्हतं.