मैंदर्गीहून पुण्याच्या सर्व्हरपर्यंत: व्हीपीएन बदलण्याचा एक अनुभव

कार्यालयाबाहेर बसलेल्या कर्मचाऱ्याला कार्यालयातील संगणकांपर्यंत पोचवणारी जी व्यवस्था आभासी खासगी जाळे, किंवा रोजच्या बोलण्यात नुसती व्हीपीएन, म्हणून ओळखली जाते, तिच्या मुळाशी एक गृहीतक आहे: कार्यालयाच्या जाळ्यात जो आहे तो आपला, आणि बाहेरून येणाऱ्याने एकदा पासवर्ड दिला की त्यालाही आतलाच समजायचे. मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने १९९६ च्या सुमारास आलेली पीपीटीपी पद्धत, त्यानंतर रुळलेली आयपीसेक आणि २००१ पासूनची ओपनव्हीपीएन यांच्यात सांकेतिकीकरणाचे, म्हणजे मजकूर तिऱ्हाइताला वाचता येणार नाही अशा रूपात पाठवण्याचे, तंत्र सुधारत गेले. गृहीतक मात्र तेच राहिले. अधूनमधून फिरतीवर जाणाऱ्या मोजक्या अधिकाऱ्यांपुरते ते चालून गेले. सगळे कार्यालयच घरी बसले तर काय, या प्रश्नाचा विचार त्या रचनेत नव्हता.

हा प्रश्न २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली तेव्हा एकदमच उभा राहिला. कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्या कंपन्यांना तोवर घरून काम करून घ्यायचे तर सुरक्षा अनामत भरावी लागे आणि दूरसंचार कंपनीने पुरवलेले व्हीपीएनच वापरावे लागे. दूरसंचार विभागाने १३ मार्चला या अटी तात्पुरत्या सैल केल्या आणि पुढे ५ नोव्हेंबर २०२० च्या नियमांनी या कंपन्यांची नोंदणीच रद्द केली. सरकारी कागद असा तुलनेने लवकर हलला, पण कार्यालयांतील यंत्रे तितक्या लवकर हलणारी नव्हती. प्रस्तुत लेखक त्या वेळी पुण्यातील एका मध्यम आकाराच्या कंपनीचे संगणक-जाळे सांभाळत होता आणि टाळेबंदीच्या तोंडावर सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी या आपल्या गावी पोचला होता. मैंदर्गी हे कर्नाटकाच्या सीमेलगतचे, कन्नड आणि मराठी दोन्ही घरात बोलले जाणारे, नगरपरिषद असलेले लहान शहर आहे. ज्या व्हीपीएनची देखभाल करायची त्याच व्हीपीएनवरून ती करायची, असा हा योग होता, आणि कुलूप दुरुस्त करणाऱ्याची हत्यारे कुलपाच्या आतच राहिल्यावर काय होते, याचा प्रत्यय त्यामुळे वारंवार येत गेला.

अडचणींचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण त्यांतील बहुतेक अडचणी इंटरनेटच्या वेगाच्या नव्हत्या. कंपनीचे व्हीपीएन असे बसवलेले होते, की कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपमधून निघणारी सगळी वाहतूक, अगदी व्हिडिओ-बैठकसुद्धा, आधी पुण्याच्या कार्यालयात जाई आणि तेथून पुन्हा बाहेर पडे. परिणामी कार्यालयाची एकुलती एक जोडणी सकाळी दहाच्या सुमारास तुंबत असे. केवळ कार्यालयाची वाहतूक व्हीपीएनमधून आणि बाकीची थेट इंटरनेटवर, अशी विभागणी केल्यावर तो ताण उतरला, पण दुसरी गुंतागुंत पुढे आली. घरगुती राऊटर सहसा घरातील यंत्रांना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतात, आणि कार्यालयाच्या जाळ्यातही कोणे एके काळी हेच पत्ते दिलेले होते; त्यामुळे काही जणांचा संगणक पुण्यातील सर्व्हर शोधायला निघे आणि आपल्याच घरात शोधत बसे. पडद्यावर व्हीपीएन जोडलेले दिसे, फाईल मात्र उघडत नसे, आणि फोनवर हे समजावून सांगताना दोन्ही बाजूंचा धीर संपत असे.

मैंदर्गीतील खरी कसोटी वीज गेल्यावर लागे. वीज गेली की राऊटर बंद पडे आणि काम मोबाईलच्या हॉटस्पॉटवर न्यावे लागे. जोडणी बदलली की लॅपटॉपचा इंटरनेटवरील पत्ता बदले. पत्ता बदलला की जुने व्हीपीएन संबंध तोडून नव्याने ओळख मागे. आणि ओळखीसाठी येणारा ओटीपी जाड भिंतींच्या घरात पोचत नसल्याने माळवदावर चढावे लागे. वीज परतली की हाच क्रम उलट दिशेने. कर्मचाऱ्याने जागा बदललेली नसते, काम बदललेले नसते, माणूसही तोच असतो, तरी केवळ पत्ता बदलला म्हणून व्यवस्था त्याला अनोळखी ठरवते, हा त्या रचनेतील दोष पुण्यातील स्थिर जोडणीवर बसून कधीच जाणवला नसता.

याच्या उलट दोष अधिक गंभीर होता. पत्ता बदलल्यावर इतकी चौकशी करणारी ही व्यवस्था एकदा आत घेतल्यावर मात्र काहीच विचारत नसे. हिशेबनिसाला विक्री विभागाचा सर्व्हर, आणि विक्रेत्याला पगारपत्रकाचा सर्व्हर, निदान दारापर्यंत तरी मोकळा होता. नेमक्या या गोष्टीवर जगात दहा वर्षांपासून विचार चालू होता. फॉरेस्टर या संस्थेतील जॉन किंडरवाग यांनी २०१० मध्ये 'झिरो ट्रस्ट', म्हणजे जाळ्यातील स्थानावरून कुणावरही विश्वास न ठेवण्याची, कल्पना मांडली. २००९ मध्ये झालेल्या संगणकीय हल्ल्यानंतर गूगलने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी व्हीपीएनविना काम करण्याची बियाँडकॉर्प ही रचना उभारली आणि २०१४ पासून तिच्याविषयी लिहायला सुरुवात केली. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक-संस्थेने ऑगस्ट २०२० मध्ये या विचाराचा अधिकृत आराखडा प्रसिद्ध केला. तरीही कंपनीच्या संचालकांचे मन वळवले ते या आराखड्यांनी नव्हे. मे २०२१ मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद पडली, आणि हल्लेखोर वापरात नसलेल्या पण बंदही न केलेल्या एका व्हीपीएन खात्यातून शिरले होते, त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती, हे उघड झाल्यावर आपल्याकडे अशी खाती किती, हा प्रश्न बैठकीत प्रथमच विचारला गेला.

उत्तर सुखावह नव्हते. नोकरी सोडून गेलेल्यांची, एका प्रकल्पापुरत्या आलेल्या सल्लागारांची आणि 'चाचणी' अशा नावाची खाती जिवंत होती. व्हीपीएन बदलण्याच्या कामातील सर्वांत वेळखाऊ भाग येथून सुरू झाला, आणि तो तांत्रिक नव्हता. कोणाला नेमके काय लागते याची यादी कुठेही नव्हती, कारण जुन्या रचनेला तिची कधी गरजच पडली नव्हती. यंत्रातील नोंदींवरून कोण कोणत्या सर्व्हरकडे जातो हे कळले, पण का जातो हे विभागप्रमुखांनाच विचारावे लागले, आणि 'सगळ्यांना सगळे राहू द्या' हे उत्तर इतक्या वेळा आले, की शेवटी प्रश्नच उलटा करावा लागला: अमुक माणसाचा अमुक प्रवेश उद्या बंद झाला, तर कोणते काम अडेल? या प्रश्नाला उत्तरे मिळू लागली. झिरो ट्रस्टच्या नावाने जी विकाऊ उत्पादने बाजारात आहेत, त्यांच्या जाहिरातींत या यादीचा उल्लेख क्वचितच असतो, आणि यादी नसेल तर महागडे उत्पादन बसवूनही हाती जुनेच व्हीपीएन उरते, असे या अनुभवावरून म्हणता येते.

२०२२ मध्ये प्रत्यक्ष बदल दोन टप्प्यांनी झाला. जाळे सांभाळणाऱ्या मोजक्या लोकांसाठी वायरगार्ड ही पद्धत घेण्यात आली, जी जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिली आणि जी टाळेबंदीनंतर अवघ्या काही दिवसांत, लिनक्सच्या ५.६ आवृत्तीबरोबर, त्या प्रणालीच्या गाभ्यात सामील झाली होती. वायरगार्ड समोरच्या यंत्राला इंटरनेटवरील पत्त्यावरून न ओळखता त्याच्या सांकेतिक किल्लीवरून ओळखते, त्यामुळे वीज गेली आणि हॉटस्पॉटवर जावे लागले तरी जोडणी आपोआप सांधली जाते. माळवदावरच्या फेऱ्या थांबल्या त्या यामुळे. बाकी कर्मचाऱ्यांसाठी ढगातील, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा केंद्रातील, मध्यस्थ सेवा घेतली गेली. तिच्यात कार्यालयातील एक छोटा प्रोग्राम स्वतःहून बाहेरच्या मध्यस्थाशी जोडलेला राहतो, त्यामुळे कार्यालयाकडे बाहेरून उघडे असे दारच उरत नाही, आणि कर्मचारी आधी ओळख पटवून, मग यंत्र अद्ययावत असल्याची तपासणी होऊन, फक्त आपल्या वाट्याच्या कामापर्यंत पोचतो. जानेवारी २०२४ मध्ये इव्हान्टी कंपनीच्या व्हीपीएन यंत्रांतील दोष उघड झाले आणि अमेरिकी सरकारी कार्यालयांना ती यंत्रे जाळ्यातून काढण्याचा आदेश निघाला, तेव्हा उघडे दार नसण्याचे मोल अधिक स्पष्ट झाले.

या व्यवस्थेची किंमतही सांगितली पाहिजे. जुने यंत्र एकदा विकत घेतलेले होते. नव्या सेवेचे पैसे माणशी दरमहा मोजावे लागतात. यंत्राच्या तपासणीने विंडोज ७ वर चालणारे घरचे संगणक अडवले, जे योग्यच होते, कारण त्या प्रणालीला मिळणारी सुरक्षा-दुरुस्ती जानेवारी २०२० मध्येच थांबली होती. पण मुलांच्या ऑनलाईन शाळेसाठी आणि आईबापांच्या नोकरीसाठी एकच लॅपटॉप असलेल्या घरांत हा निर्णय तंत्रापेक्षा परिस्थितीचा होता, आणि कंपनीने लॅपटॉप पुरवल्याशिवाय तो अंमलात आणणे अन्यायाचे ठरले असते. खासगी लॅपटॉपवर कंपनीचा तपासणी-प्रोग्राम बसवावा की नाही, यावर कर्मचाऱ्यांनी घेतलेली हरकत रास्त होती. शिवाय ओळख पटवणारी बाहेरची सेवाच बंद पडली तर सगळेच बाहेर राहतात. म्हणून एका आणीबाणीच्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात मोहोरबंद करून, पुण्यातील तिजोरीत ठेवला गेला.

जुने यंत्र अजून पूर्णपणे गेलेले नाही. हजेरीचा एक जुना प्रोग्राम ठरावीक पत्त्याशिवाय बोलत नाही, त्यामुळे तेवढ्यासाठी ते दोन संगणकांपुरते चालू ठेवले आहे. बाहेरच्या लेखापरीक्षकांचा प्रवेश आता कामाच्या मुदतीपुरताच दिला जातो, मुदत संपली की तो आपोआप बंद होतो, आणि दर वर्षी हिशेबाच्या दिवसांत तो वाढवून मागणारा फोन मैंदर्गीला येतो.